गुलामांचे कैवारी विल्यम विल्बरफोर्स

प्रभूकडे वळलेल्या मनुष्याने आपले पूर्वीचे काम सोडून द्यावे, की त्यातच राहून देवाची सेवा करावी, हा प्रश्न आपल्या मंडळ्यांत वारंवार निघतो. ह्यास्तव विल्यम विल्बरफोर्स ह्या इंग्रज मुत्सद्द्यांचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

त्यांचा जन्म २४ ऑगस्ट १७५९ रोजी इंग्लंडातील हल बंदरी एका सधन व्यापाऱ्याच्या घरी झाला. देह किरकोळ, दृष्टी अधू, परंतु वाणी फार गोड. एकविसाव्या वर्षी, १७८० साली, ते पार्लमेंटाचे सभासद झाले. पुढे मुख्य प्रधान झालेले विल्यम पिट हे त्यांचे जिवलग मित्र. पत्ते व मेजवान्या ह्यांत दिवस जात.

१७८५ साली त्यांचे अंतःकरण पालटले. राजकारण सोडावे असे वाटून ते जॉन न्यूटन ह्या पाळकांकडे गेले. न्यूटन हे एके काळी गुलाम वाहून नेणाऱ्या जहाजाचे कप्तान होते. देवाने जेथे ठेविले आहे तेथेच राहावे, असा सल्ला त्यांनी दिला.

त्या काळी इंग्रजी जहाजे आफ्रिकेतील स्त्रीपुरुषांस व मुलांस वेस्ट इंडीज बेटांतील उसाच्या मळ्यांसाठी विकावयास नेत. पुष्कळ जण वाटेतच मरत. टॉमस क्लार्कसन ह्यांनी जमविलेल्या पुराव्याच्या बळावर विल्बरफोर्स १७८९ साली ह्या व्यापाराविरुद्ध पार्लमेंटात बोलले. १७९१ साली त्यांची सूचना १६३ विरुद्ध ८८ मतांनी फेटाळली गेली. १७९६ साली तर केवळ चार मतांनी अपयश आले, कारण त्यांचे काही साथीदार त्या रात्री संगीत नाटकास गेले होते! मंडळीच्या सभेस घरी बसणाऱ्यांनी हे ध्यानात धरावे. तरीही विल्बरफोर्स खचले नाहीत. २३ फेब्रुवारी १८०७ रोजी २८३ विरुद्ध १६ मतांनी त्यांचा पक्ष विजयी झाला व त्याच वर्षी तो व्यापार बंद करणारा कायदा झाला.

आपल्या प्रांतावरही त्यांचे ऋण आहे. १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस आलेल्या गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट ह्या अमेरिकन मिशनऱ्यांस परत धाडण्याचा सरकारचा विचार होता. त्याच वर्षी कंपनीच्या सनदेत मिशनऱ्यांस परवान्याने हिंदुस्थानात येण्याची वाट मोकळी झाली. त्यासाठी विल्बरफोर्स १७९३ पासून झटत होते.

व्यापार थांबला, तरी पूर्वीचे गुलाम बंधनातच होते. त्यांच्या मुक्ततेचे बिल मंजूर होणार हे २६ जुलै १८३३ रोजी निश्चित झाले. ती वार्ता आजारी विल्बरफोर्स ह्यांच्या कानी पडली आणि २९ जुलैस त्यांनी देह ठेविला. नुकसानभरपाईचे दोन कोटी पौंड मात्र मालकांस मिळाले, गुलामांस नाही. आणि पुष्कळांस १८३८ पर्यंत मालकांकडेच राबावे लागले. मनुष्यांचा न्याय असा अपुरा असतो.

नांगर, खडू किंवा दौत-लेखणी, जे ज्याच्या हाती असेल त्यानेच त्याने प्रभूची सेवा करावी, आणि पहिल्या अपयशाने ती सोडू नये, हाच ह्या चरित्राचा बोध आहे.