सायरस महान

सायरस दुसरा, जुन्या पर्शियन भाषेत कुरुश (राज्यकाळ: इ.स.पू. सुमारे ५५९ ते इ.स.पू. ५३०), हा हखामनी साम्राज्याचा संस्थापक होता. ज्यू परंपरा त्याला मुक्तिदाता मानते. आशिया मायनरमधील ग्रीक नगरांचा अनुभव मात्र निराळा होता.

प्रारंभीचे विजय

सायरस हा अन्शानचा राजा पहिला कंबायसिस याचा पुत्र. आजोबांनी त्याला जन्मतःच मारण्याची आज्ञा दिली व गुराख्याच्या घरी तो वाढला, ही हेरोडोटसने दिलेली कथा कंस-कृष्णाच्या आख्यानाची आठवण करून देते. तिला ऐतिहासिक आधार नाही. इ.स.पू. ५५० मध्ये मीडियाचा राजा अस्त्यागस त्याच्यावर चालून आला, परंतु त्याच्याच सैन्याने बंड करून त्याला सायरसच्या हवाली केले. एकबताना या मीडियाच्या राजधानीतील सोने-चांदी लुटून अन्शानला नेण्यात आली. पुढे लिडियाचा राजा क्रोएसस पराभूत झाला. तेथे उठाव होताच सायरसच्या सेनापतीने प्रिएनी नगरातील रहिवाशांना गुलाम केले, असे हेरोडोटस सांगतो.

बॅबिलोन

इ.स.पू. ५३९ मध्ये सायरसने बॅबिलोनचा राजा नबोनिडस याच्यावर स्वारी केली. बॅबिलोन शहर न लढता त्याच्या हाती आले, हे खरे. पण त्याआधी तैग्रिसकाठी ओपिस येथे लढाई झाली होती. तेथे कत्तल व लूट झाल्याची नोंद बॅबिलोनी इतिवृत्तात आहे. मारले गेले ते सैनिक की नागरिक, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. त्यानंतर सिप्पार शरण आले व दोनच दिवसांनी बॅबिलोनही. ओपिसची वार्ता शहरात पोचली नसेल, असे मानणे कठीण आहे.

सायरसच्या उदारतेचा मुख्य पुरावा म्हणजे १८७९ साली बॅबिलोनच्या अवशेषांत सापडलेला मातीचा दंडगोल. मार्दुक देवाने अधर्मी नबोनिडसला दूर सारून सायरसची निवड केली, असे त्यात म्हटले आहे. देवमूर्ती मूळ स्थानी परत नेल्याचा व लोकांना स्वगृही धाडल्याचाही उल्लेख आहे. असे लेख कोरविण्याची प्रथा बॅबिलोनी राजांचीच होती; हा लेख विजेत्याच्या बाजूने लिहिलेला आहे. त्यात ज्यूंचे नाव नाही, गुलामगिरी बंद केल्याचा उल्लेखही नाही. १९७१ साली इराणच्या शाहने त्याची प्रतिकृती संयुक्त राष्ट्रांना भेट दिली. त्या सुमारास रूढ झालेले मानवी हक्कांची पहिली सनद हे वर्णन अतिशयोक्त आहे. मूळ दंडगोल ब्रिटिश म्युझियममध्ये असून २०१३-१४ मध्ये तो मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात प्रदर्शित झाला होता.

जेरुसलेमहून हद्दपार केलेल्या ज्यूंना मात्र परतण्याची व मंदिर पुन्हा उभारण्याची मुभा खरोखर मिळाली. हिब्रू बायबलमध्ये सायरसला देवाचा अभिषिक्त म्हटले आहे. हा मान अन्य कोणत्याही परकीय राजाला मिळालेला नाही. मंदिर इ.स.पू. ५१५ मध्ये पूर्ण झाले. यहुदियाला स्वातंत्र्य मिळाले नाही. तो पर्शियन सत्तेखालील प्रांतच राहिला.

मृत्यू

हेरोडोटसच्या मते मॅसागेटी लोकांची राणी तोमिरिस हिच्याशी झालेल्या युद्धात सायरस मारला गेला. झेनोफनने त्याला शांतपणे मरण आल्याचे लिहिले आहे. त्याची कबर इराणमधील पासारगादे येथे आहे. दोनशे वर्षांनी पर्शिया जिंकणाऱ्या सिकंदराने ती लुटली गेल्याचे पाहून तिच्या दुरुस्तीचा आदेश दिला.