एका दिवसाच्या पाच तारखा आणि इतिहासाचार्य राजवाडे

दोन सॉफ्टवेअर एकमेकांना जोडताना सर्वात जास्त त्रास देते ती तारीख. एका डेटाबेसमध्ये ती एका पद्धतीने साठवलेली असते, दुसऱ्याला ती पद्धत कळतच नाही. मग मधे एक दुभाषा बसवावा लागतो. मराठ्यांच्या इतिहासाची कागदपत्रे एकत्र आणताना नेमकी हीच अडचण आली होती, आणि ती हाताने सोडवत बसलेला माणूस म्हणजे विश्वनाथ काशिनाथ राजवाडे.

राजवाडे १८६३ साली जन्मले. वडील लवकर गेले. पत्नीही तरुणपणीच वारली आणि त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. त्यानंतर त्यांचे आयुष्य गावोगावची दप्तरे शोधण्यात गेले. जुन्या घराण्यांच्या माळ्यांवर रुमालांत बांधलेली पत्रे पडून होती. मालक ती सहजासहजी हातात देत नसत, तेव्हा कित्येकदा तिथेच बसून नकला कराव्या लागत. पत्रे मोडीत, तर पुस्तके बालबोध लिपीत छापायची. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो आणि दोन शब्दांत जागाही सोडलेली नसते. त्यामुळे नुसती नक्कल करतानाही शब्द कुठे तोडायचा हे ठरवावेच लागे.

खरी कसोटी मात्र तारखेची. पानिपतची लढाई झाली १४ जानेवारी १७६१ रोजी. तोच दिवस पंचांगाने शके १६८२ची पौष शुद्ध अष्टमी. राज्याभिषेक शकाने ते वर्ष ८७, दक्षिणेतल्या फसलीने ११७०, हिजरीने ११७४. पेशवाईच्या कारभारात नेहमी दिसणारा शुहूर सन ११६१, आणि तोही आकड्यांत नव्हे तर अरबी शब्दांत लिहायचा: इहिदे सितैन मया व अलफ, म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार.

शुहूर सनात जानेवारी ते मृगापर्यंत ६०० आणि मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवले की इसवी सन निघतो. इथवर सोपे आहे. पण पत्रात वर्ष शुहूरचे आणि दिवस हिजरी महिन्याचा, म्हणजे ‘छ’ लिहून दिलेला चंद्र. शुहूर वर्ष सूर्याच्या मृग नक्षत्रापासून सुरू होते, तर हिजरी वर्ष त्याहून सुमारे अकरा दिवसांनी लहान. परिणामी काही चंद्र एकाच शुहूर वर्षात दोनदा येतात. शिवाय चंद्राचा दिवस सूर्यास्ताला बदलतो, तिथी वेगळीच चालते. अनेक पत्रांत तर वर्षच नसते. अशा वेळी वार, तिथी, पत्रातली माणसे, छावणीचे ठिकाण हे सगळे ताडून पाहायचे. चुकीचे वर्ष लागले, तर उत्तर आधी आणि प्रश्न नंतर अशी पत्रांची माळ लागते आणि कोणी कोणाला कधी इशारा दिला हेच उलटे होऊन बसते.

१८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला, तोच पानिपतपर्यंतच्या पत्रांचा. त्याच्या बऱ्याच प्रती आगीत जळाल्या. तरी काम थांबले नाही. पुढे एकूण २२ खंड झाले. या खंडांत पत्राच्या माथ्यावर काढलेला काळ आणि खाली पत्र मूळ शब्दांत, त्यातल्या तारखेसकट, अशी मांडणी दिसते. रूपांतर करून मूळ टाकून दिलेले नाही. त्यांनी लावलेल्या काही तारखा पुढच्या अभ्यासकांनी दुरुस्त केल्या, त्या यामुळेच करता आल्या.

कागदांशी इतका धीर धरणारे राजवाडे माणसांशी मात्र पटकन बिनसवत. १९१० साली पुण्यात त्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले, पण मतभेदांनंतर ते तिथून बाहेर पडले. अखेरची वर्षे धुळ्यात गेली. भास्कर वामन भट यांच्यासारखे स्नेही तिथे होते, आणि समर्थ वाङ्मयासाठी झटणारे शंकर श्रीकृष्ण देवही. या काळात इतिहासापेक्षा व्याकरण आणि शब्दांची व्युत्पत्ती यांत ते अधिक रमले होते. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच त्यांचे निधन झाले. त्यांचा धातुकोश तेव्हा छापलेला नव्हता.

९ जानेवारी १९२७ रोजी, म्हणजे दहा दिवसही पुरते उलटले नव्हते तोच, धुळेकरांनी राजवाडे संशोधन मंडळ सुरू केले. त्यांच्यामागे राहिलेले कागद या मंडळाने सांभाळले आणि धातुकोशही पुढे तिथूनच प्रसिद्ध झाला.