बॉब मार्लेचा जीव फुटबॉलच्या जखमेने नाही, नखाखालच्या कॅन्सरने घेतला

लांब जटा, हातात गिटार आणि टी-शर्टवर छापलेला चेहरा. बॉब मार्लेला न ओळखणारा माणूस विरळाच. पण तो वयाच्या ३६ व्या वर्षी कशाने गेला? बरेच जण सांगतात, फुटबॉल खेळताना पायाला लागलं आणि त्यातून कॅन्सर झाला. प्रत्यक्षात तसं नव्हतं.

६ फेब्रुवारी १९४५ ला जमैकातल्या नाइन माइल या खेड्यात बॉबचा जन्म झाला. आई कृष्णवर्णीय, वडील गोरे. पुढे तो किंग्स्टनच्या ट्रेंचटाउन या गरीब वस्तीत वाढला. १९६३ मध्ये पीटर टॉश, बनी वेलर यांच्यासोबत त्याने ‘द वेलर्स’ हा ग्रुप काढला आणि रेगे संगीत जगभर पोहोचवलं. डिसेंबर १९७६ मध्ये त्याच्या घरात घुसून गोळीबार झाला. जखमी बॉब दोनच दिवसांनी स्टेजवर गात होता.

१९७७ मध्ये फुटबॉल खेळताना त्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला मार लागला. जखम काही भरेना. तपासणीत नखाखाली मेलानोमा, म्हणजे त्वचेचा एक घातक कॅन्सर सापडला. जखमेमुळे तो झाला नव्हता, जखमेमुळे फक्त लक्षात आला.

डॉक्टरांनी अंगठा काढायला सांगितलं. बॉब रास्ताफारी पंथाचा होता. शरीराचा भाग कापणं त्याच्या श्रद्धेत बसत नव्हतं. त्याने नकार दिला. मग फक्त नख आणि त्याखालचा भाग काढून तिथे मांडीची त्वचा लावली गेली.

दौरे सुरूच राहिले. एप्रिल १९८० मध्ये तो झिम्बाब्वेच्या स्वातंत्र्य सोहळ्यात गायला. सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये धावताना कोसळला. कॅन्सर मेंदूपर्यंत गेला होता. दोन दिवसांनी पिट्सबर्गमध्ये त्याने शेवटचा कार्यक्रम केला. जर्मनीतल्या उपचारांनीही फरक पडला नाही. ११ मे १९८१ ला मायामीत त्याचा मृत्यू झाला.

हा आजार ओळखायचा कसा?

त्वचेचा कॅन्सर उन्हामुळे गोऱ्या लोकांनाच होतो, असा समज आहे. पण तळवे, तळपाय आणि नखाखाली होणाऱ्या या प्रकाराचा उन्हाशी संबंध दिसत नाही. तो दुर्मीळ आहे, पण सावळ्या आणि काळ्या त्वचेच्या लोकांनाही होतो. म्हणजे आपल्यालाही.

बहुतेक वेळा तो हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याच्या नखात दिसतो. एकाच नखावर मुळापासून टोकापर्यंत तपकिरी-काळी उभी रेघ येते आणि हळूहळू रुंद होते. रंग नखाच्या कडेच्या त्वचेवर उतरतो. नख चिरतं किंवा जखम भरत नाही.

प्रत्येक काळी रेघ कॅन्सर नसते. सावळ्या लोकांच्या अनेक नखांवर अशा निरुपद्रवी रेघा असतात. मार लागून साकळलेलं रक्त नख वाढेल तसं पुढे सरकतं. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, पायाचं त्याहून हळू. डाग पुढे सरकत नसेल किंवा रुंद होत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. नक्की काय आहे ते बायोप्सीत कळतं.

नखावर डाग दिसला की ‘कुठेतरी लागलं असेल’ म्हणून आपण सोडून देतो. अशा वेळी बॉब मार्लेचा अंगठा आठवा.