येला लेपमान

येला लेपमान (जन्म : १५ मे १८९१, श्टुटगार्ट, मृत्यू : ४ ऑक्टोबर १९७०, झ्युरिक) या जर्मन पत्रकार, लेखिका आणि बालसाहित्य चळवळीच्या संघटक होत्या. म्युनिक येथील आंतरराष्ट्रीय युवा ग्रंथालय, ‘इब्बी’ या संक्षिप्त नावाने ओळखले जाणारे आंतरराष्ट्रीय बालपुस्तक मंडळ आणि हान्स क्रिस्टियन अँडरसन पुरस्कार ही तिन्ही कामे त्यांच्या पुढाकाराने उभी राहिली. ज्यू असल्यामुळे नाझी राजवटीत त्यांना देश सोडावा लागला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या त्याच देशात परतल्या आणि जर्मनीने ज्यांच्यावर आक्रमण केले होते अशा राष्ट्रांकडेही त्यांनी जर्मन मुलांसाठी पुस्तके मागितली.

बालपण आणि कौटुंबिक जीवन

लेपमान यांचे माहेरचे आडनाव लेहमान. त्यांचे वडील योझेफ लेहमान हे श्टुटगार्टमधील कारखानदार होते. घरचे वातावरण उदारमतवादी होते. तीन बहिणींमध्ये येला थोरल्या होत्या. श्टुटगार्टमधील शालेय शिक्षणानंतर त्या काही काळ स्वित्झर्लंडमधील निवासी शाळेत शिकल्या. वयाच्या सतराव्या वर्षी त्यांनी श्टुटगार्टमधील एका तंबाखू कारखान्यात काम करणाऱ्या परदेशी कामगारांच्या मुलांसाठी वाचनकक्ष सुरू केला. पुढील आयुष्यात त्यांनी मोठ्या प्रमाणावर जे काम केले, त्याचे बीज या छोट्या उपक्रमात दिसते.

१९१३ साली त्यांचा विवाह जर्मन-अमेरिकन उद्योजक गुस्ताव्ह होरेस लेपमान यांच्याशी झाला. पहिल्या महायुद्धात गुस्ताव्ह जर्मन सैन्यात होते. १९२२ साली त्यांचे निधन झाले. त्या वेळी येला यांचे वय ३१ वर्षे होते आणि एक मुलगी व एक मुलगा अशा दोन लहान मुलांची जबाबदारी त्यांच्यावर आली.

पत्रकारिता आणि राजकारण

उदरनिर्वाहासाठी लेपमान यांनी पत्रकारितेचा मार्ग स्वीकारला. ‘श्टुटगार्टर नॉयेस टागब्लाट’ या दैनिकाच्या संपादक वर्गात स्थान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला होत्या. या दैनिकात त्यांनी स्त्रियांचे घर, व्यवसाय आणि समाजातील स्थान या विषयांना वाहिलेली पुरवणी चालवली. १९२७ साली त्यांचे पहिले बालपुस्तक प्रसिद्ध झाले. मुलांसाठी त्यांनी नाटकही लिहिले. याच काळात त्या उदारमतवादी जर्मन लोकशाही पक्षाच्या कामात सक्रिय होत्या. पक्षातर्फे त्यांनी राइशटागची निवडणूक लढवली; मात्र त्या निवडून आल्या नाहीत.

देशत्याग

१९३३ साली हिटलर सत्तेवर आल्यानंतर ज्यू असल्याच्या कारणावरून लेपमान यांची संपादकपदाची नोकरी गेली. काही काळ त्यांनी मुक्त लेखन करून गुजराण केली. १९३६ साली त्या इटलीमार्गे इंग्लंडला गेल्या. तेथे सुरुवातीची वर्षे हलाखीची होती. ऑस्ट्रियन लेखक आर्थर श्निट्झलर यांचे हस्तलिखित साहित्य केंब्रिज येथे आणण्यात आले होते; ते लावून ठेवण्याचे काम त्यांनी केले. युद्धकाळात त्या बीबीसीसाठी आणि पुढे युरोपसाठीच्या अमेरिकन प्रसारण केंद्रासाठी काम करत होत्या. १९४३ साली कॅथरिन थॉमस या टोपणनावाने त्यांनी नाझी जर्मनीतील स्त्रियांच्या स्थितीविषयी इंग्रजीत पुस्तक लिहिले.

जर्मनीत पुनरागमन

युद्ध संपल्यावर अमेरिकन लष्करी प्रशासनाने लेपमान यांना जर्मनीतील स्त्रिया व मुले यांच्या प्रश्नांवर सल्लागार म्हणून काम करण्याविषयी विचारले. ज्या देशाने आपल्याला परागंदा केले, त्याच देशात पुन्हा जावे काय, हा प्रश्न त्यांच्यासाठी सोपा नव्हता. या युद्धात मुलांचा काहीही दोष नव्हता, या विचाराने अखेर त्यांनी होकार दिला. ऑक्टोबर १९४५ मध्ये अमेरिकन गणवेशात त्या जर्मनीत परतल्या. त्यांचे कार्यालय बाड होम्बुर्ग येथे होते.

त्या वेळी जर्मनीतील शहरे उद्ध्वस्त झाली होती आणि अनेक शाळांच्या इमारती कोसळल्या होत्या. नाझी विचारांची क्रमिक पुस्तके मागे घेण्यात आली होती. पण त्यांची जागा घेणारी नवी पुस्तके छापण्यास कागद नव्हता. बारा वर्षे बाहेरच्या जगाचे साहित्य मुलांपर्यंत पोहोचले नव्हते. अन्न आणि निवारा यांच्या मागोमाग मुलांना मनाचे खाद्यही मिळाले पाहिजे, असा लेपमान यांचा आग्रह होता. मुलांपासून सुरुवात केली, तर पुढे मोठ्यांनाही मार्ग सापडेल, अशी त्यांची धारणा होती.

१९४६ चे बालपुस्तक प्रदर्शन

या धारणेतून आंतरराष्ट्रीय बालपुस्तक प्रदर्शनाची कल्पना पुढे आली. प्रशासनाने कल्पनेस मान्यता दिली, परंतु तिच्यासाठी निधी उपलब्ध नव्हता. त्यामुळे लेपमान यांनी वीस देशांना पत्रे लिहून बालपुस्तके भेट म्हणून मागितली. बहुतेकांकडून अनुकूल उत्तरे आली. बेल्जियमने मात्र नकार कळवला. एका पिढीच्या काळात दोनदा जर्मन आक्रमण सोसलेल्या त्या देशाची भूमिका समजण्यासारखी होती. लेपमान यांनी पुन्हा पत्र लिहिले. जर्मन मुलांना नवी सुरुवात करू दिली नाही, तर तिसऱ्या आक्रमणाचा धोका टळणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यानंतर बेल्जियमहून पुस्तकांचा उत्तम संग्रह आला.

३ जुलै १९४६ रोजी म्युनिकमधील ‘हाउस डेर कुन्स्ट’ या इमारतीत प्रदर्शनाचे उद्घाटन झाले. नाझी राजवटीने आपल्या मान्यतेच्या कलेसाठी बांधलेल्या आणि १९३७ साली खुल्या केलेल्या या वास्तूत आता सुमारे ४,००० परदेशी बालपुस्तके आणि निरनिराळ्या देशांतील मुलांनी काढलेली चित्रे मांडण्यात आली. पुढे हे प्रदर्शन श्टुटगार्ट, फ्रांकफुर्ट, बर्लिन आदी शहरांत फिरले.

प्रदर्शनातील पुस्तके मुलांना पाहता येत होती, पण घरी नेता येत नव्हती. म्हणून लेपमान यांनी मन्रो लीफ यांच्या ‘फर्डिनांड’ या गोष्टीचा जर्मन अनुवाद केला. झुंज देण्याऐवजी फुलांचा वास घेत बसणाऱ्या बैलाची ही कथा आहे. तिच्या ३०,००० प्रती वर्तमानपत्राच्या कागदावर छापून १९४६ च्या नाताळाच्या सुमारास बर्लिनमधील मुलांना वाटण्यात आल्या.

आंतरराष्ट्रीय युवा ग्रंथालय

प्रदर्शनातील संग्रह विखुरला जाऊ नये आणि त्यातून कायमस्वरूपी ग्रंथालय उभे राहावे, यासाठी लेपमान यांनी पुढील तीन वर्षे प्रयत्न केले. त्यासाठी त्या अमेरिकेला गेल्या. एलिनॉर रूझवेल्ट यांनी त्यांच्या योजनेस पाठिंबा दिला आणि रॉकफेलर प्रतिष्ठानाने आर्थिक साहाय्य केले. १४ सप्टेंबर १९४९ रोजी म्युनिकमधील काउलबाखश्ट्रासे या रस्त्यावरील एका बंगल्यात आंतरराष्ट्रीय युवा ग्रंथालय सुरू झाले.

या ग्रंथालयात मुले उघड्या फडताळांतून स्वतः पुस्तके निवडत. तत्कालीन जर्मनीत ही पद्धत रुळलेली नव्हती. वाचनाबरोबरच येथे चित्रशाळा, परकीय भाषांचे वर्ग, नाट्यप्रयोग आणि पुस्तकचर्चा चालत. चर्चेत मुले पुस्तकांवर स्वतःचे मत मांडत. संयुक्त राष्ट्रांच्या धर्तीवर मुलांची सभाही भरवली जाई आणि तीत वेगवेगळ्या देशांची बाजू मांडण्याचा सराव होई. आज्ञापालनाच्या संस्कारात वाढलेल्या मुलांना प्रश्न विचारण्याची व दुसऱ्याचे म्हणणे ऐकून घेण्याची सवय लागावी, हा या उपक्रमांचा हेतू होता.

लेखक एरिख केस्टनर हे लेपमान यांचे सहकारी आणि ग्रंथालयाचे समर्थक होते. माणसांच्या निष्फळ परिषदांना कंटाळून प्राणीच शांतता परिषद भरवतात, ही कल्पना लेपमान यांनी त्यांना सुचवली. तिच्यावर आधारित केस्टनर यांचे पुस्तक वाल्टर ट्रिअर यांच्या चित्रांसह १९४९ साली प्रसिद्ध झाले.

इब्बी आणि अँडरसन पुरस्कार

नोव्हेंबर १९५१ मध्ये लेपमान यांनी म्युनिक येथे बालपुस्तकांद्वारे आंतरराष्ट्रीय सामंजस्य या विषयावर परिषद भरवली. स्पॅनिश तत्त्वज्ञ होसे ओर्तेगा इ गासेत यांनी तीत भाषण केले. लेखक, प्रकाशक, ग्रंथपाल आणि शिक्षक यांना जोडणारी स्थायी संस्था असावी, असे या परिषदेत ठरले. त्यानुसार १९५३ साली झ्युरिक येथे इब्बीची स्थापना झाली.

बालसाहित्याला प्रौढांच्या साहित्याइतकीच प्रतिष्ठा मिळावी, या उद्देशाने इब्बीने दर दोन वर्षांनी देण्यात येणारा हान्स क्रिस्टियन अँडरसन पुरस्कार सुरू केला. १९५६ साली पहिला पुरस्कार इंग्लिश लेखिका एलिनॉर फार्जन यांना, १९५८ साली स्वीडनच्या आस्त्रिद लिंडग्रेन यांना आणि १९६० साली केस्टनर यांना देण्यात आला. सुरुवातीला तो एका पुस्तकासाठी असे. १९६२ पासून लेखकाच्या समग्र कार्यासाठी दिला जाऊ लागला. १९६६ पासून चित्रकारांसाठी स्वतंत्र पुरस्कार सुरू झाला. विजेत्यांची नावे विविध देशांतील शाखा सुचवतात आणि आंतरराष्ट्रीय परीक्षक मंडळ निवड करते. पुरस्काराचे स्वरूप सुवर्णपदक व मानपत्र असे आहे. बालसाहित्याचे नोबेल असा त्याचा उल्लेख केला जातो.

अखेरची वर्षे

१९५७ साली लेपमान ग्रंथालयाच्या संचालकपदावरून निवृत्त झाल्या आणि झ्युरिकला स्थायिक झाल्या. त्याच वर्षी त्यांच्या सहभागाने इब्बीचे ‘बुकबर्ड’ हे नियतकालिक सुरू झाले. १९६४ साली त्यांचे आठवणीपर पुस्तक जर्मनमध्ये प्रसिद्ध झाले. बालपुस्तकांचा पूल असा त्याच्या शीर्षकाचा अर्थ होतो. अँडरसन यांचा जन्मदिवस, २ एप्रिल, हा आंतरराष्ट्रीय बालपुस्तक दिन म्हणून १९६७ पासून साजरा होतो. ती कल्पनाही लेपमान यांचीच होती. ४ ऑक्टोबर १९७० रोजी झ्युरिक येथे त्यांचे निधन झाले.

वारसा आणि मूल्यमापन

१९८३ साली आंतरराष्ट्रीय युवा ग्रंथालय म्युनिकमधील ब्लुटेनबुर्ग या जुन्या गढीत हलवण्यात आले. आज तेथे सहा लाखांहून अधिक पुस्तके आहेत. लेपमान यांच्या जन्मशताब्दीनिमित्त १९९१ साली इब्बीने त्यांच्या नावाचे पदक सुरू केले.

त्यांच्या कल्पनेतील जागतिकता प्रत्यक्षात येण्यास मात्र वेळ लागला. अँडरसन पुरस्काराचे सुरुवातीचे सर्व मानकरी युरोप आणि उत्तर अमेरिकेतील होते. १९७४ साली इराणचे फर्शिद मेसघाली यांना चित्रकारांचा पुरस्कार मिळाला. लेखकांचा पुरस्कार या दोन खंडांबाहेर प्रथम १९८२ साली ब्राझीलच्या लिझिया बोझुंगा यांच्याकडे गेला. भारतात व्यंगचित्रकार शंकर यांनी १९८१ साली स्थापन केलेली बाललेखक व चित्रकारांची संघटना इब्बीची राष्ट्रीय शाखा म्हणून काम करते. १९९८ चे इब्बी अधिवेशन नवी दिल्ली येथे भरले होते.

लेपमान यांनी लिहिलेली बालपुस्तके आज फारशी वाचली जात नाहीत. त्यांचे महत्त्व त्यांनी उभारलेल्या संस्थांत आहे. परक्या देशातील मुलांच्या गोष्टी वाचलेले मूल त्या देशाकडे केवळ शत्रू म्हणून पाहणार नाही, हा विश्वास या संस्थांच्या मुळाशी होता. युद्धाच्या जखमा ताज्या असतानाच, आणि स्वतः त्या जखमा सोसलेल्या असतानाही, त्यांनी तो प्रत्यक्ष कामात उतरवला.