प्राचार्यांचे गहाण घर आणि हेलसिंकीचे पदक

वर्धा, प्रतिनिधी :
पावसाळा ओसरला, की वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव येथील महाविद्यालयांच्या मैदानांवर पहाटेची वर्दळ वाढते. नागपूर विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा डोळ्यांपुढे असतात. कुणी हॉकीची स्टिक परजतो, कुणी कबड्डीचा दम वाढवतो, तर माजी खासदार रामदास तडस यांच्यासारखा मल्ल घडविणाऱ्या देवळीकडील पोरे लांग कसतात. या धडपडीमागे पदकाची ओढ असतेच. पण विद्यापीठाचा 'कलर' मिळाला तर पुढे पोलीस, रेल्वे किंवा लष्करात भरतीचे दार किलकिले होईल, ही आशा अधिक बळकट असते. शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या मुलासाठी मैदान हा पोटापाण्याचाही मार्ग असतो.

अमेरिकेत या मार्गाला रीतसर चौकट आहे. तेथील व्यावसायिक संघ दरवर्षी होतकरू तरुण खेळाडूंची क्रमवार निवड करतात. तिला 'ड्राफ्ट' म्हणतात. आइस हॉकीच्या नॅशनल हॉकी लीगमध्ये ही पद्धत १९६३ मध्ये सुरू झाली आणि महाविद्यालयीन संघ हा व्यावसायिक खेळाकडे जाणारा एक महत्त्वाचा टप्पा ठरला. आपल्याकडे अशी व्यवस्था नव्हती. एखादा प्राचार्य, एखादा संस्थानिक, एखादा पोलीस अधिकारी यांच्या मर्जीवर आणि मोठेपणावर खेळाडूचे भवितव्य ठरे. स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळवून देणारे खाशाबा दादासाहेब जाधव यांचे आयुष्य हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण होय. महाविद्यालयाने त्यांना हेलसिंकीपर्यंत पोहोचविले. तेथून परतल्यावर मात्र पुढची पायरीच नव्हती.

गोळेश्वरचा पोर

सातारा जिल्ह्यात कराडला लागूनच गोळेश्वर हे गाव आहे. १५ जानेवारी १९२६ रोजी तेथे खाशाबांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः मल्ल होते. पाच भावंडांत खाशाबा धाकटे. घरात कुस्तीचे वातावरण असल्याने अक्षरओळख होण्याच्या वयातच तांबड्या मातीशी त्यांची ओळख झाली. वडील हेच त्यांचे पहिले वस्ताद. शालेय शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाले. बेचाळीसच्या चळवळीने सातारा जिल्हा ढवळून निघाला होता. भूमिगतांना आसरा देणे, त्यांचे निरोप पोहोचविणे अशी कामे शाळकरी खाशाबांनीही केल्याचे सांगितले जाते.

देहयष्टीने ते थोराड नव्हते. उंची बेताची, अंग सडपातळ. बघणाऱ्याला हा पोर मल्ल आहे, असे चटकन वाटत नसे. प्रतिस्पर्ध्यांचाही असाच समज होई आणि काही क्षणांतच तो दूर होई. चपळाई हे त्यांचे मुख्य शस्त्र, तर ढाक हा हातखंडा डाव होता. प्रतिस्पर्ध्याचे डोके कवेत घेऊन त्याला आपल्या अंगावरून खाली फेकण्याच्या या डावाने त्यांनी पुढे परदेशी मल्लांनाही बुचकळ्यात टाकले.

राजाराम महाविद्यालयाचे दार

शाळा संपवून खाशाबा कोल्हापूरला आले आणि राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. शाहू महाराजांनी खासबागेचे मैदान उभारून कुस्तीला राजाश्रय दिलेले हे शहर. गल्लोगल्ली तालमी आणि घरोघरी कुस्तीचे दर्दी. १८८० मध्ये स्थापन झालेले राजाराम महाविद्यालय हे दक्षिण महाराष्ट्राचे विद्यापीठच मानले जाई. बाबुराव बलवडे आणि बेलापुरे गुरुजी यांच्यासारखे मार्गदर्शक त्यांना येथे लाभले.

या महाविद्यालयातील त्यांच्या प्रवेशाची हकिकत कोल्हापुरात अजून सांगितली जाते. वार्षिक क्रीडा स्पर्धेत कुस्तीसाठी नाव द्यायला ते गेले, तेव्हा त्यांची किरकोळ अंगकाठी पाहून क्रीडाशिक्षकांनी नकार दिला. खाशाबा थेट प्राचार्यांकडे गेले. प्राचार्यांनी परवानगी दिली आणि त्या स्पर्धेत खाशाबांनी आपल्याहून भारी, नावाजलेल्या मल्लांना अस्मान दाखविले. त्यानंतर महाविद्यालयाचे नाव घेऊन ते आंतरमहाविद्यालयीन आणि राष्ट्रीय स्पर्धांत उतरू लागले. प्राचार्यांच्या दारावर थाप मारण्याचे धाडस त्या दिवशी झाले नसते, तर पुढचा इतिहास कदाचित वेगळा झाला असता.

लंडनचा धडा

१९४८ मध्ये लंडनला ऑलिम्पिक झाले. स्वतंत्र भारताचे हे पहिलेच ऑलिम्पिक. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाचा भार उचलल्याने खाशाबांना लंडन गाठता आले. तेथे पाऊल ठेवताच एक नवी अडचण समोर उभी राहिली. आयुष्यभर ते मातीत खेळले होते. मातीतल्या कुस्तीत निकाल एकच, प्रतिस्पर्धी चितपट झाला पाहिजे. ऑलिम्पिकची कुस्ती मात्र गादीवर होती. तिला वेळेचे बंधन होते, पंचांच्या मतांवर निकाल लागत होता आणि मातीपेक्षा गादीवर पायांची पकड निराळी पडत होती. अमेरिकेचे माजी जगज्जेते रीस गार्डनर यांनी त्यांना गादीवरील कुस्तीचे प्राथमिक धडे दिले. एवढ्या अल्प तयारीवर त्यांनी फ्लायवेट गटात ऑस्ट्रेलियाच्या आणि अमेरिकेच्या मल्लांना नमविले आणि सहावे स्थान मिळविले. भारतीय मल्लाची ऑलिम्पिकमधील तोपर्यंतची ही लक्षणीय कामगिरी होती.

खाशाबा मात्र समाधानी नव्हते. गावी परतल्यावर त्यांनी पुढील चार वर्षे एकाच ध्येयासाठी वेचली. वजनगट वाढवून ५७ किलोच्या बँटमवेट गटात खेळायचे त्यांनी ठरविले.

एका गुणाचा अन्याय

हेलसिंकीची वाट सरळ नव्हती. मद्रास येथील राष्ट्रीय स्पर्धेत एका गुणाने त्यांना डावलण्यात आले आणि निरंजन दास हे विजयी ठरले. हा निकाल पक्षपाती आहे, अशी खाशाबांची ठाम भावना होती. त्यांनी गप्प बसणे नाकारले आणि पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराजांनी दोघांची पुन्हा कुस्ती लावली. या वेळी खाशाबांनी पंचांच्या गुणांवर काही सोपविलेच नाही. त्यांनी प्रतिस्पर्ध्याला सरळ चितपट केले. ऑलिम्पिकच्या संघात त्यांची निवड झाली.

निवड झाली, पण प्रवासखर्चाचे काय? संस्थाने विलीन झाली होती आणि राजाश्रय आटला होता. सरकारी मदत मागितली, तेव्हा स्पर्धा झाल्यावर भेटा, असे उत्तर मिळाल्याचे सांगितले जाते. खाशाबा आणि त्यांचे कुटुंबीय घरोघरी फिरले. गोळेश्वर आणि परिसरातील गावकऱ्यांनी ऐपतीप्रमाणे वर्गणी दिली. तरीही रक्कम अपुरीच होती. अशा वेळी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर बँकेकडे गहाण ठेवले आणि ७००० रुपये आपल्या विद्यार्थ्याच्या हाती ठेवले. १९५२ सालच्या ७००० रुपयांचे मोल आज आकड्यांत सांगून कळणार नाही. पोरगा हरून आला असता, तर प्राचार्यांच्या डोक्यावरचे छप्पर धोक्यात आले असते.

हेलसिंकीची गादी

फिनलंडच्या राजधानीत खाशाबांनी सुरुवात दणक्यात केली. कॅनडाचा आणि मेक्सिकोचा असे दोन मल्ल त्यांनी चितपट केले. जर्मनीच्या मल्लाशी झालेली लढत चुरशीची ठरली, पण तीही त्यांनी पंचांच्या दोन विरुद्ध एक अशा मतांनी जिंकली. आता पदक आवाक्यात होते. जपानच्या शोहाची इशी यांच्याशी झालेली कुस्ती प्रदीर्घ चालली आणि ती खाशाबांनी गमावली. पाठोपाठ सोव्हिएत रशियाच्या रशीद मम्मदबेयोव यांच्याशी खेळण्यासाठी त्यांना बोलावण्यात आले. दोन कुस्त्यांच्या मध्ये विश्रांतीचा नियम होता. तो बजावून सांगण्यासाठी भारतीय पथकाचा एकही अधिकारी तेथे हजर नव्हता, असे खाशाबांच्या चाहत्यांना आजही खुपते. थकल्या अंगाने ते गादीवर उतरले आणि ही कुस्तीही हातची गेली. इशी सुवर्णपदकाचे, तर मम्मदबेयोव रौप्यपदकाचे मानकरी ठरले. २३ जुलै १९५२ रोजी खाशाबांच्या गळ्यात कांस्यपदक पडले. त्यांच्याबरोबर गेलेले कोल्हापूरचेच केशव माणगावे यांचे पदक थोडक्यात हुकले. फेदरवेट गटात ते चौथे आले.

दुसऱ्याच दिवशी भारतीय हॉकी संघाने अंतिम सामन्यात नेदरलँड्सचा ६-१ असा धुव्वा उडवून सलग पाचवे सुवर्णपदक जिंकले. त्यातील पाच गोल एकट्या बलबीर सिंग यांचे होते. साहजिकच देशभर हॉकीचा जयजयकार झाला आणि कांस्यपदक घेऊन परतणारा मल्ल त्या जल्लोषाच्या सावलीत राहिला.

या दोन खेळाडूंच्या वाटचालीतील फरक मोठा उद्बोधक आहे. बलबीर सिंगही महाविद्यालयीन खेळातूनच पुढे आले होते. अमृतसरच्या खालसा महाविद्यालयाकडून आणि पंजाब विद्यापीठाकडून खेळताना त्यांच्या नावाचा दबदबा निर्माण झाला. तेव्हाचे पंजाबचे पोलीसप्रमुख जॉन बेनेट यांना ते आपल्या संघात हवे होते. बलबीर यांची पोलिसांत जाण्याची इच्छा नव्हती आणि ते दिल्लीला निघून गेले, तर बेनेट यांनी माणसे पाठवून त्यांना बेड्या घालून परत आणविले आणि पोलीस दलात भरती केले. हॉकीपटूला खात्याने असे धरून आणावे आणि कुस्तीगीराला पदक मिळवूनही नोकरीसाठी ताटकळावे लागावे, हा त्या काळातील विरोधाभास होता. हॉकीला पोलीस, रेल्वे, लष्कर यांचे संघ होते. मल्लाला फक्त त्याचे गाव होते.

१५१ बैलगाड्या

गावाने आपले कर्तव्य मात्र मनापासून पार पाडले. कराडच्या रेल्वे स्थानकावर खाशाबांच्या स्वागताला १५१ बैलगाड्या सजून आल्या होत्या. ढोल-ताशे वाजत होते, गुलाल उधळला जात होता. स्थानकापासून गोळेश्वरपर्यंतच्या थोड्याशा अंतराला त्या दिवशी सुमारे सात तास लागले. मिरवणूक आटोपताच खाशाबांनी पहिले काम हाती घेतले ते ऋणमुक्तीचे. कुस्त्यांची मैदाने भरवून त्यांनी पैसा उभा केला आणि प्राचार्यांचे घर गहाणातून सोडविले. पदकाइतकाच हा प्रसंगही त्यांच्या थोरवीची साक्ष देतो.

फौजदार खाशाबा

नोकरीसाठी आणखी तीन वर्षे गेली. १९५५ मध्ये खाशाबा पोलीस दलात फौजदार म्हणून रुजू झाले. खात्याच्या स्पर्धा त्यांनी गाजविल्या आणि तरुण पोलिसांना कुस्तीचे धडे दिले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकचे स्वप्न गुडघ्याच्या दुखापतीने हिरावून घेतले. पुढे पंचवीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी सेवा केली. बढतीचा वेग संथच राहिला. सहायक पोलीस आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले, पण निवृत्तिवेतनासाठीही त्यांना झगडावे लागले. १९८२ मध्ये दिल्लीतील आशियाई स्पर्धांच्या मशाल दौडीत त्यांना सहभागी करून घेण्यात आले, एवढाच काय तो सन्मान त्यांच्या हयातीत लाभला. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले.

मृत्यूनंतर मात्र मानसन्मान येत गेले. दीड दशक उलटल्यावर अर्जुन पुरस्कार जाहीर झाला. २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने दिल्लीतील कुस्तीच्या संकुलाला त्यांचे नाव मिळाले. राज्य शासनाने त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा करण्याचा निर्णय २०२३ मध्ये घेतला. दुसरीकडे, गोळेश्वरमध्ये कुस्ती संकुल उभारण्याचे आश्वासन इतके रेंगाळले, की २०१७ मध्ये कुटुंबीयांनी पदकाचा लिलाव करण्याचा इशारा दिला होता.

खाशाबांनंतर भारताला पुढचे वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला ४४ वर्षे लागली. ते १९९६ मध्ये टेनिसपटू लिअँडर पेस यांनी जिंकले. कुस्तीतील पुढचे पदक २००८ मध्ये सुशील कुमार यांच्या रूपाने आले. महाराष्ट्राच्या मातीतील खेळाडूला तर तब्बल ७२ वर्षे वाट पाहावी लागली. २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक जिंकणारे कोल्हापूर जिल्ह्यातील नेमबाज स्वप्निल कुसाळे हे पदकाच्या कितीतरी आधीपासून रेल्वेच्या नोकरीत होते. घरखर्चाची विवंचना मागे ठेवून त्यांना नेम साधता आला. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण ठेवण्याचा महाराष्ट्राचा निर्णयही २००५ चा. खाशाबांच्या काळात यातले काहीच नव्हते.

वर्ध्याच्या मैदानावर पहाटे घाम गाळणाऱ्या मुलाला या सवलती जन्मजात हक्काच्या वाटत असतील आणि तसे वाटण्यात गैरही नाही. त्या ज्यांच्या वाट्याला आल्या नाहीत, त्यांच्यातला एक मल्ल प्राचार्यांच्या गहाण घरावर ऑलिम्पिकला गेला होता आणि पदक घेऊन परतल्यावर त्याने आधी ते घर सोडविले होते, एवढे त्याच्या कानावर घालायला हवे.