कवी आणि वजनकाटा

थोड्या दिवसांत शरीर सडपातळ करून देण्याचे आश्वासन देणारे आहारपंथ ही अलीकडच्या काळाची उपज आहे, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः या वेडाचा इतिहास बराच जुना असून इंग्रज कवी लॉर्ड बायरन हा त्याचा एक ठळक आणि तितकाच करुण नायक होय. त्याच्या काव्याची आणि प्रेमप्रकरणांची चर्चा पुष्कळ झाली. परंतु 36 वर्षांच्या आयुष्यातील जवळजवळ निम्मा काळ हा पुरुष स्वतःच्या वजनाशी झगडत होता, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही.

बायरनचा जन्म 22 जानेवारी 1788 रोजी लंडनमध्ये झाला. त्याचा एक पाय जन्मतःच अधू होता. आई स्थूल होती आणि तोच वारसा आपल्याकडे येणार, या भीतीने त्याला तारुण्यातच ग्रासले. वजन वाढले की त्याचा भार अधू पायावर पडे. तो केंब्रिजचा विद्यार्थी असतानाची, 1806 मधील एक नोंद उपलब्ध आहे. लंडनमधील एका मद्यविक्रेत्याच्या दुकानात गिऱ्हाइकांना मोठ्या ताजव्यात तोलण्याची प्रथा होती. त्या दुकानाच्या वहीत बायरनचे वजन 13 स्टोन 12 पौंड, म्हणजे सुमारे 88 किलो लिहिलेले आहे. पुढल्याच वर्षी अंगावर एकावर एक बंड्या आणि वर जाड कोट चढवून तो क्रिकेट खेळू लागला. जोडीला कढत पाण्याची स्नाने, औषधे आणि दिवसातून एकदाच जेवण होतेच. 1811 पर्यंत त्याचे वजन 10 स्टोनच्या खाली आले. 25 किलोंहून अधिक चरबी-मांस त्याने झडवले होते.

अशा उपायांचे आकर्षण समजण्यासारखे आहे. नियम एकच असतो, तो सोपा असतो आणि त्याचे फळ काट्यावर आठवड्याभरात दिसते. ज्याला स्वतःचा पाय सरळ करता येत नव्हता, त्याला निदान पोट आत घेता येत होते. शिवाय रिकाम्या पोटी बुद्धी तल्लख राहते, अशी बायरनची श्रद्धा होती. 1811 मध्ये सॅम्युअल रॉजर्स या कवीच्या घरी मेजवानी होती. तेथे बायरनने मांस आणि मासळी नाकारून कडक बिस्किटे व सोडावॉटर मागितले. ते मिळेना, तेव्हा बटाटे कुस्करून त्यांवर व्हिनेगर ओतून तेवढेच खाल्ले. त्याच रात्री एका क्लबात जाऊन त्याने मांसाचे भरपेट जेवण केले, असे रॉजर्सला मागाहून कळले. लोकांपुढे उपवास आणि एकांतात आडवा हात, हा क्रम अशा आहारांबरोबर तेव्हापासून चालत आला आहे.

1812 मध्ये बायरनला एकाएकी अफाट कीर्ती लाभली आणि त्याचा फिकट, कृश चेहरा प्रतिभेचे चिन्ह ठरला. पुढे अमेरिकेतील जॉर्ज बियर्ड या डॉक्टरने बायरनच्या भक्तांच्या धाकाने तरुण मुली अर्धपोटी राहतात, अशी तक्रार केली. अनुकरण करणाऱ्यांना कवीची कंबर तेवढी दिसली होती. तिच्यामागचे हाल दिसले नव्हते.

ती कंबरही टिकली नाही. 1818 मध्ये व्हेनिस येथे त्याला भेटलेल्या एका परिचिताला तो फुगलेला, निस्तेज आणि तिशीतच चाळिशीचा वाटला. पुन्हा उपासमार झाली, आणि 1823 मध्ये जिनोआ येथे लेडी ब्लेसिंग्टनला तोच बायरन इतका हडकुळा आढळला की कपडे त्याच्या अंगावर लोंबत होते. 1824 च्या आरंभी ग्रीक स्वातंत्र्ययुद्धासाठी तो मिसोलाँघी येथे पोहोचला. तेथेही तो मनगट व कंबर मोजी आणि माप वाढलेले दिसले की जुलाब घेई. फेब्रुवारीत त्याला झटके आले. एप्रिलमध्ये पावसात भिजल्यावर ताप चढला, डॉक्टरांनी वारंवार रक्त काढले आणि 19 एप्रिल रोजी त्याचा अंत झाला. मृत्यूचा दोष आहारावर टाकणे योग्य होणार नाही. तथापि असल्या देहाजवळ झुंजण्यासाठी फारशी शिल्लक उरली नसावी, हे उघड आहे.

आजच्या शरीरशास्त्राला या चक्राचे कारण ठाऊक आहे. तीव्र उपवासाच्या पहिल्या दिवसांत घटते ते मुख्यतः साठवलेली शर्करा आणि तिच्यासोबतचे पाणी. मग चरबीबरोबर स्नायूही झिजतात, शरीर आपला खर्च कमी करते आणि भूक वाढवते. नियम सुटताच वजन परतते, कारण पूर्वीची खाण्याची रीत तशीच राहिलेली असते. व्हिनेगरच्या अंगी चरबी वितळवण्याची जादू नाही. तरीही दोनशे वर्षांनंतर त्याच्या बाटल्या त्याच आशेवर विकल्या जात आहेत.

बायरनला उपाशी राहणे साधले आणि चापून खाणेही साधले. रोजचे, साधे, पुरेसे जेवण मात्र त्याला कधीच साधले नाही. आठ किंवा पंधरा दिवसांचा कोणताही आहार नेमकी हीच गोष्ट शिकवत नाही. वाढत्या वयाच्या विद्यार्थ्याने आणि दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्या कारकुनाने असा आहार हाती घेण्यापूर्वी सोळाव्या दिवशी काय खायचे, एवढा प्रश्न स्वतःला विचारावा. त्याचे उत्तर नसेल, तर पहिल्या दिवसाची उपासमारही व्यर्थ आहे.