फरारी कैदी ते पोलीसप्रमुख : विदोक

आमच्या मंडळाच्या वाचनालयात रहस्यकथांचे एक कपाट आहे. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड वाचत मोठी झालेली आम्ही मंडळी आता सत्तरीकडे झुकलो, तरी त्या कपाटापाशी पाय वळतातच. हल्लीच्या पोलीसकथांत एक पात्र हमखास भेटते. एकटा राहणारा, मोजकेच बोलणारा अधिकारी. त्याच्या मागच्या आयुष्यात काहीतरी दडलेले असते आणि ते बाहेर येईल की काय, ही धाकधूक शेवटच्या पानापर्यंत पुरते. ही लेखकांची कल्पना असावी असे आम्हांला वाटे. पण अशी धाकधूक खरोखर सोसलेला एक पोलीसप्रमुख दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये होऊन गेला. युजेन फ्रान्स्वा विदोक हे त्याचे नाव.

विदोकचा जन्म जुलै १७७५ मध्ये उत्तर फ्रान्समधील आरास या गावी झाला. वडिलांची पावाची भट्टी होती. मुलगा दांडगा, तलवारबाजीत तरबेज आणि हाताचा चोरटा. पहिली मोठी चोरी त्याने घरच्याच गल्ल्यात केली. पैसे घेऊन पळाला, पण वाटेत ते दुसऱ्याच भामट्यांनी लुबाडले. मग पोटासाठी तो फिरत्या खेळवाल्यांकडे राहिला आणि पुढे सैन्यात गेला. १७९२ च्या व्हाल्मीच्या लढाईत तो होता. सैन्यातही तो स्थिर राहिला नाही.

त्याचे आयुष्य फिरले ते लील शहराच्या तुरुंगात. मारामारीबद्दल छोटी शिक्षा भोगत असताना तिथे एक शेतमजूर त्याच्या ओळखीचा झाला. घरची उपासमार पाहून धान्य चोरले, म्हणून त्या बिचाऱ्याला सहा वर्षे झाली होती. एक दिवस त्याच्या सुटकेचा हुकूम आला आणि तो सुटलाही. हुकूम बनावट होता. खोटा कागद तयार करण्यात हात असल्याचा ठपका विदोकवर आला आणि डिसेंबर १७९६ मध्ये त्याला आठ वर्षे सक्तमजुरी झाली. आपला त्यात हात नव्हता, असे तो जन्मभर सांगत राहिला. आम्ही बँकेत आयुष्य काढलेली माणसे. खोट्या सहीचे प्रकरण उभे राहिले की शेवटचा कागद ज्याच्या टेबलावरून गेला तोच आधी सापडतो, हे आम्ही जवळून पाहिले आहे. तरी विदोक अगदीच निर्दोष असेल, अशी पैज आम्ही लावणार नाही.

त्याला ब्रेस्त बंदरातल्या कैद्यांच्या गोदीत साखळदंड घालून नेले. १७९८ च्या फेब्रुवारीत खलाशाचे कपडे चढवून तो तिथून निसटला. पुन्हा पकडला, या वेळी तुलाँला पाठवला, तिथूनही पळाला. या पलायनांच्या सुरस कथा त्याच्या आठवणींत आहेत, अगदी जोगिणीच्या वेषापर्यंत. त्या आठवणी लिहायला भाडोत्री लेखक लावले होते आणि त्यांनी आपल्या पदरचे बरेच घातले, अशी तक्रार पुढे खुद्द विदोकनेच केली. तेव्हा त्यातले निम्मेच खरे धरावे.

पलायनानंतरचा काळ मात्र आम्हांला जास्त अस्वस्थ करतो. विदोक खोट्या नावाने कापडाचा व्यापार करू लागला. धंदा बरा चालला होता. पण तुरुंगातले जुने सोबती दुकान शोधत आले आणि गप्प राहण्याचे पैसे मागू लागले. गल्ला सांभाळायचा की तोंडे बंद ठेवायची? १८०९ मध्ये तो पुन्हा पकडला गेला, तेव्हा पॅरिसच्या पोलिसांतील झाँ आँरी या अधिकाऱ्याकडे त्याने खबऱ्या होण्याची तयारी दाखवली. एकवीस महिने कैद्यांत राहून तो बातम्या पुरवत राहिला. मार्च १८११ मध्ये त्याच्या पलायनाचे नाटक रचून पोलिसांनीच त्याला बाहेर काढले.

त्याच वर्षाअखेर त्याने साध्या कपड्यांतले पथक उभे केले, तीच स्यूर्ते. सुरुवातीला चार माणसे, तीही बहुतेक शिक्षा भोगून आलेली. चोराला चोरच ओळखतो, हा त्याचा हिशोब होता. माणसांना तो तुरुंगात पाठवून कैद्यांचे चेहरे लक्षात ठेवायला लावी. प्रत्येक गुन्हेगाराचे वर्णन, टोपणनावे, आधीच्या शिक्षा आणि काम करण्याची पद्धत यांची नोंद ठेवली जाई. नोंदी चोख असल्या की निम्मे काम होते, हे कोणत्याही लेजर सांभाळणाऱ्याला पटेल. १८१७ मध्ये बारा माणसांनिशी त्याने आठशेच्या वर अटका केल्या. लंडनच्या पोलिसांत गुप्तहेरांची शाखा निघाली ती १८४२ मध्ये, म्हणजे तीस वर्षांनी.

पण या सगळ्या काळात विदोकची आठ वर्षांची शिक्षा रद्द झालेली नव्हती. पॅरिसच्या चोरांना धडकी भरवणारा हा माणूस कागदोपत्री फरारी कैदीच होता. वरिष्ठांची मर्जी फिरली असती, तर एका सहीवर त्याच्या पायात पुन्हा साखळदंड पडला असता. राजाची माफी मिळाली १८१८ मध्ये, सात वर्षे काम करून घेतल्यावर. ती सात वर्षे तो कसा झोपत असेल, हा विचार आमच्या मनातून जात नाही.

माफीने डाग मात्र धुतला गेला नाही. १८२७ मध्ये नव्या वरिष्ठांशी पटेना म्हणून त्याने राजीनामा दिला आणि सां-मांदे येथे कागदाचा कारखाना काढला. मजूर म्हणून तुरुंगातून सुटलेल्यांनाच ठेवले. खोडता न येणारी शाई आणि खाडाखोड उघडी पडेल असा कागद, यांवरही त्याने खटपट केली. चेकवरची रक्कम रसायनाने उडवणारे भामटे पाहिलेल्या आम्हांला तर तो इथे आपलाच माणूस वाटला! कारखाना बुडाला. १८३२ मध्ये तो काही महिने स्यूर्तेत परतला, पण वर्ष सरण्याआधीच बाहेर पडला. त्यानंतर नियम झाला की शिक्षा झालेल्या कोणालाही त्या पथकात घ्यायचे नाही. ज्याने खाते उघडले, त्यालाच दार बंद.

१८३३ मध्ये त्याने खासगी माहिती कचेरी थाटली. व्यापाऱ्यांनी वर्गणी भरायची आणि कोणता गिऱ्हाईक बुडवा आहे, ते विदोकने कळवायचे. आजच्या पतमाहिती कंपन्यांचे हे पूर्वजच. पोलिसांना हा प्रकार रुचला नाही. १८३७ मध्ये धाड घालून हजारो फायली उचलून नेल्या. १८४३ मध्ये एका ठकाला बेकायदा अडकवून ठेवल्याबद्दल त्याला पाच वर्षांची शिक्षा ठोठावली गेली. अपिलात तो सुटला, पण तोवर सदुसष्टाव्या वर्षी जवळजवळ अकरा महिने कोठडीत गेले होते. तक्रारदारापेक्षा त्याचा जुना लौकिकच त्याला तिथे घेऊन गेला, असे आमचे मत आहे.

लेखकांनी तोवर त्याला सोडले नव्हते. बाल्झाकचा व्होत्रँ हा कैदी विदोकवर बेतलेला आहे आणि तोही शेवटी पोलीसप्रमुख होतो. एडगर अ‍ॅलन पोने १८४१ च्या आपल्या पहिल्या गुप्तहेरकथेत विदोकचे नाव घेऊन त्याच्या पद्धतीतली खोटही काढली. पुढे गाबोरिओने आपल्या गुप्तहेराला लकॉक असे त्याच्या नावाशी यमक जुळणारे नाव दिले.

११ मे १८५७ रोजी विदोक वारला. त्यानंतर अकरा बायका आपापले मृत्युपत्र घेऊन हजर झाल्या आणि प्रत्येकीच्या कागदात वारस तीच होती, असे सांगतात. त्या दाव्यांचा निकाल देणाऱ्या कारकुनाची आम्हांला दया येते.

पाच वर्षांनी व्हिक्टर ह्यूगोची ‘ले मिझराब्ल’ आली. नाव बदलून कारखानदार झालेला आणि गाडीखाली सापडलेल्या माणसाला खांद्याने गाडी उचलून सोडवणारा जाँ व्हालजाँ हा बराचसा विदोकच. त्याच्या पाठीस लागलेला इन्स्पेक्टर जाव्हेर एकटा आणि करडा आहे. त्याचा जन्म तुरुंगात झालेला, बाप सक्तमजुरीच्या कैद्यांतला. त्याच्यातही विदोकचा अंश पाहणारे आहेत. कादंबरीत हा अधिकारी कायदा आणि उपकार यांच्या कात्रीत सापडून सेन नदीत उडी घेतो. विदोक मात्र त्या दोघांनाही एकाच अंगरख्यात घेऊन एक्याऐंशी वर्षे जगला आणि पॅरिसमध्ये आपल्या घरी, अंथरुणावर गेला.